क्लार्कची सुगरण कशी ओळखावी? केनियाच्या किनाऱ्यावरच्या दुर्मीळ पक्ष्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मसाई मारा उरकून चार दिवस मोंबासा-मालिंदीच्या बाजूला काढणारे पक्षीनिरीक्षक हल्ली भेटत असतात. त्यातले बरेचजण परत आल्यावर फोटो दाखवतात आणि विचारतात, "ही क्लार्कचीच ना?" बहुतेक वेळा ती नसते. मी स्वतः या पक्ष्याच्या मागे दोनदा गेले, पहिल्या खेपेला चुकीची नोंद करून आले आणि ती पुढे खोडली. त्यातून जे शिकले ते इथे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडते आहे.

हा पक्षी नेमका कोणता?

इंग्रजी नाव क्लार्क्स वीव्हर, दुसरं नाव किलिफी वीव्हर, शास्त्रीय नाव प्लोसिअस गोलँडी. स्टीफनसन क्लार्क यांनी 1913 साली त्याचं पहिलं वर्णन केलं. सगळ्या जगात हा पक्षी फक्त केनियात आहे, आणि केनियातही फक्त किलिफी काउंटीत. माहीत असलेली ठिकाणं दोनच. एक अराबुको-सोकोके जंगल, दुसरं गलाना नदीच्या उत्तरेला असलेलं डकाचाचं रान. गलानाला समुद्राजवळ साबाकी म्हणतात. धोक्यात आलेल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत हा पक्षी 'संकटग्रस्त' वर्गात आहे.

म्हणजे आपल्या सुगरणीचा भाऊबंदच का?

हो, दोघींची प्रजाती (जीनस) एकच, प्लोसिअस, जाती मात्र वेगळ्या. पण आपली सुगरण डोळ्यांसमोर ठेवून तिथे गेलात तर फसाल. आपली सुगरण बाजरीच्या शेताकडेला, विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर, थव्याने धान्य टिपताना दिसते. क्लार्कची सुगरण एरवी जंगलातली. तीन-चार मजले उंच झाडाच्या शेंड्याला पानापानांतून किडे, अळ्या वेचत फिरते. लटकलेले खोपे दिसतील, त्याखाली उभं राहू, ही आपली सवय तिथे काही उपयोगाची नाही.

एक जाता जाता. मराठीत आपण 'ती सुगरण' म्हणतो, पण आपल्याकडे खोपा विणतो नर. खाली मी नर आणि मादी वेगळे सांगितले आहेत, कारण इथे दोघांचा रंग वेगळा आहे आणि ओळख पटवताना तोच कामी येतो.

अराबुको-सोकोके एवढं मोठं आहे, त्यात शोधायचं कुठे?

जंगल सुमारे 420 चौरस किलोमीटरचं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या कोरड्या जंगलाचा उरलेला सगळ्यात मोठा सलग तुकडा हाच. पण सगळीकडे भटकू नका. पायाखालच्या मातीकडे बघा.

लाल माती लागली की दोन्ही बाजूंना सायनोमेट्राची दाट, ठेंगणी, काटक झाडी असते. सोकोके स्कॉप्स नावाचं इवलंसं घुबड बघायचं तर तिथे जावं. माती पांढरी, वाळूसारखी झाली, झाडं एकमेकांपासून लांब उभी राहिली आणि मधून ऊन खाली येऊ लागलं की ब्रॅकिस्टेजियाचा पट्टा आला समजा. स्थानिक लोक या झाडाला म्रिही म्हणतात. नवी पालवी फुटते तेव्हा ती कुसुंबासारखी तांबूस दिसते. खोडाफांद्यांवर दगडफुलाचे फिकट थर असतात. हा पट्टा सगळ्या जंगलाचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे, आणि क्लार्कची सुगरण त्याच्याच शेंड्यांवर फिरते.

माझ्या पहिल्या खेपेला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अख्खी सकाळ लाल मातीत गेली.

नर कसा ओळखायचा?

लांबी साधारण 13 सेंटीमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही किंचित लहान. डोकं, गळा आणि छातीचा वरचा भाग काळा. पाठही काळपट. खाली पिवळा. चोच काळी.

पण हे सगळं वाचून लगेच खूश होऊ नका, कारण 'वर काळा, खाली पिवळा' हे वर्णन त्याच जंगलातल्या दुसऱ्या एका सुगरणीलाही लागू पडतं. खरी खूण पंखात आहे. क्लार्कच्या नराच्या काळपट पंखातल्या पिसांना पिवळी किनार असते. चंद्रकळेला बारीक जरीचा काठ असावा तशी. पंख मिटलेला असला तरी त्या किनारी एकाखाली एक रेघांसारख्या दिसतात. ही किनार दिसली नाही तोवर नाव घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ती दुसरी सुगरण कोणती? तिच्याशीच सगळ्यांचा घोळ होतो का?

हो, आणि माझाही झाला. म्हणून याचं उत्तर जरा लांबण लावून देते.

ती डार्क-बॅक्ड वीव्हर, जुनं नाव फॉरेस्ट वीव्हर, शास्त्रीय नाव प्लोसिअस बायकलर. आपण तिला काळ्या पाठीची सुगरण म्हणू. आफ्रिकेत ती पुष्कळ ठिकाणी आढळते आणि सोकोकेत नित्याची आहे. लांबी 15-16 सेंटीमीटर. नर-मादी दिसायला सारखेच. वरून काळी, खालून गडद सोनेरी पिवळी. पंख सपाट काळे, त्यांवर किनार नाही. चोच फिकट, निळसर राखी.

कागदावर फरक सोपा वाटतो. रानात काय होतं ते सांगते. सकाळचे सात वाजलेले, आम्ही पांढऱ्या वाळूच्या वाटेवर उभे. डोक्यावर म्रिहीच्या शेंड्यात एकदम हालचाल झाली. आधी हेल्मेटश्राइक आले, पाठोपाठ सूर्यपक्षी, मग एक सुतार. वेगवेगळ्या जातींचा एकत्र चरणारा थवा होता तो. त्यात एक काळा-पिवळा पक्षी. मान पूर्ण मागे टाकलेली, दुर्बिणीत फक्त पोट दिसतंय, मागे पांढरं आभाळ. पोट पिवळं, डोकं काळं. मी नाव पुटपुटले आणि वहीत लिहूनही टाकलं. सोबतचे वाटाडे, तिथल्या गिरियामा समाजातले, काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आपल्या दंडावरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "मबावा?" स्वाहिलीत मबावा म्हणजे पंख. मी पंख पाहिलेच नव्हते. खालून ते दिसतच नव्हते.

दहा-पंधरा मिनिटांनी तोच पक्षी जरा खालच्या फांदीवर आला आणि उन्हाच्या बाजूला वळला. पंख कोळशासारखा सपाट काळा. चोच फिकट. तो फांदीच्या सालीवर सरकत, खाचा चाचपत पुढे जात होता. काळ्या पाठीची सुगरण. पण मी मात्र त्या दिवशी मनाची समजूत घातली की आधीचा पक्षी वेगळा असावा, आणि नोंद तशीच ठेवली. ती घरी आल्यावर खोडली.

त्यावरून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, पक्षी थेट डोक्यावर असेल तर मागे सरका. वीस-पंचवीस पावलं मागे गेलात की पंखाची बाजू दिसू लागते आणि मानही सुटते. सूर्य आपल्या पाठीशी यायला हवा. दुसरी, वागणं बघा. काळ्या पाठीची सुगरण जोडीने किंवा दोन-चारांच्या कुटुंबाने असते, फांद्या आणि खोड सावकाश तपासते. क्लार्कची सुगरण बहुधा थव्याने येते, बाहेरच्या बारीक डहाळ्यांवर पानांत काम करते आणि सगळा थवा एका झाडावरून दुसऱ्यावर भराभर सरकतो. वागण्यावरून अंदाज बांधता येतो. शिक्कामोर्तब मात्र पंखावरूनच करावं.

मादी एकटी दिसली तर?

मादी वरून हिरवट, खालून पिवळी. पंखांवर तिच्याही पिवळ्या किनारी असतात. डोकं काळं नसतं. पिल्लू अवस्थेतून बाहेर पडलेले पक्षीही फिकट आणि गोंधळात टाकणारे असतात. एकटी मादी, दूर शेंड्यावर, वाईट उजेडात, असं असेल तर मी नाव लिहीत नाही. थवा असेल तर थांबा. मागोमाग एखादा नर येतोच, आणि त्याच्या सोबतीने मादीची ओळख पक्की करता येते. मला पहिली खात्रीची मादी अशीच मिळाली. आधी नर दिसला, त्याच्याच डहाळीवर हातभर अंतरावर ती अळी घेऊन बसली होती.

आवाजावरून ओळखता येते का?

थव्याचा किलबिलाट ऐकून वर बघावं इतपत. चरचर, कुजबुज, तळणीत काही टाकल्यासारखा आवाज. गळ्यातून सुरेल असं काही येत नाही. काळ्या पाठीच्या सुगरणीचं उलट आहे. ती जोडीने गाते, आणि त्या गाण्यात मध्येच गंजलेल्या बिजागरीसारखी कर्र निघते. ती कर्र ऐकलीत तर समजा, समोर आहे ती नेहमीची. पण मिश्र थव्यात दोन्ही असू शकतात, हे विसरू नका.

मालिंदीच्या हॉटेलच्या आवारात माडावर पिवळ्या सुगरणी दिसल्या. त्या याच का?

नाही. माडाच्या झावळ्यांना खोपे लटकवणाऱ्या, डोकं केशरट-सोनेरी असलेल्या त्या गोल्डन पाम वीव्हर. पाठीवर काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची नक्षी, लालसर डोळा आणि गावभर कलकलाट, ती व्हिलेज वीव्हर. दोन्ही देखण्या आहेत, मनसोक्त बघा. क्लार्कची सुगरण हॉटेलच्या बागेत येत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

हा पक्षी वर्षभर एका जागी टिकणारा नाही. सोकोकेत काही महिने तो सहज भेटतो, काही महिने मागमूस नसतो. पावसाप्रमाणे भटकतो. किनाऱ्यावर मोठा पाऊस साधारण एप्रिल ते जून, छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. जाण्याआधी आठवडाभर तिथल्या वाटाड्यांना विचारा. 'केनिया बर्ड मॅप' आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळांवरच्या ताज्या नोंदी बघा. कुठल्याही छापील कोष्टकापेक्षा हे भरवशाचं.

दिवसातली वेळ मात्र ठरलेली आहे. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे बाराही महिने सूर्य सहा ते साडेसहाच्या दरम्यान उगवतो. पहिल्या तीन तासांत जंगलात असायला हवं. दहानंतर ऊन डोक्यावर येतं, पक्षी गप्प होतात आणि पंखाची किनार उजेडात विरून जाते.

याची घरटी पाहता येतील का?

पक्ष्याचं वर्णन झालं 1913 साली, आणि घरटी पहिल्यांदा सापडली 2013 साली. मधली शंभर वर्षं हा पक्षी अंडी कुठे घालतो हे कुणालाही ठाऊक नव्हतं. शोधणारे झाडांच्या शेंड्यांवर बघत राहिले. घरटी निघाली डकाचाच्या रानातल्या पावसाळी पाणथळीत, पाण्यात उभ्या लव्हाळ्यांवर, दाटीवाटीने विणलेली. एरवी शेंड्यावर राहणारा पक्षी विणीसाठी गुडघाभर पाण्यातल्या लव्हाळ्यांत उतरतो, हे वाचलं तेव्हा मला किती तरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

या पाणथळी कायमच्या नाहीत. पाऊस झाला तर भरतात, नाही झाला तर कोरड्याठाक. एका वर्षीची वसाहत पुढच्या वर्षी तिथेच असेल असं नाही. म्हणूनच घरट्यांच्या जागा जाहीरपणे सांगू नयेत असं मला वाटतं. वसाहत दिसलीच तर लांबूनच बघा, पाण्यात पाय घालू नका, ड्रोन तर नकोच. फोटो टाकताना जागेचे अक्षांश-रेखांश काढून टाका आणि माहिती तिथल्या गटांना किंवा नेचर केनियाला द्या. 1909 साली सुरू झालेल्या ईस्ट आफ्रिका नॅचरल हिस्ट्री सोसायटीचंच आजचं रूप म्हणजे नेचर केनिया. डकाचातल्या लोकांबरोबर त्यांचं काम वर्षानुवर्षं चालू आहे.

मोबाईलवर आवाज वाजवून बोलावलं तर चालेल का?

नको. इतक्या थोड्या जागेत उरलेल्या पक्ष्याला त्याच्या चरण्यातून उठवणं मला पटत नाही. शिवाय हा थव्याने फिरणारा पक्षी. हद्द राखणाऱ्या पक्ष्यासारखा एका आवाजावर धावून येईल ही आशाही चुकीची. मिश्र थवा सापडेपर्यंत चालत राहणं आणि सापडल्यावर त्याच्याबरोबर सरकत जाणं, हाच मार्ग.

एकटं जंगलात गेलं तर?

जाऊ नका. सोकोकेत हत्ती आहेत, आणि झाडीत ते दहा पावलांवर असले तरी दिसत नाहीत. गेडे गावाजवळच्या वन कार्यालयातून वाटाडे मिळतात. मोंबासाहून मालिंदीकडे जाणारा हमरस्ता जंगलाच्या कडेने जातो, त्यामुळे पोचायला अडचण नाही. मुक्काम वाटामूला केला तर पहाटे निघणं सोपं पडतं. वाटाड्यांमध्ये गिरियामा समाजाची बरीच मंडळी आहेत, त्यांचं बालपण याच रानाच्या कडेला गेलेलं. मला एका शब्दात पक्षी शिकवला तो त्यांनीच. त्यांची दिवसाची फी ठरलेली असते, त्यात घासाघीस करू नका.

भारतातून जाणाऱ्यांनी पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. परतताना आपल्याकडच्या विमानतळावर तो दाखला मागतात. किनाऱ्यावर मलेरिया आहे, त्यासाठी डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्याव्यात. दुर्बीण 8 बाय 42 पुरेशी. 10 पटीची घेतलीत तर मान मागे टाकून हात स्थिर ठेवणं जड जातं.

फोटो मिळाला नाही, पण मला खात्री आहे. नोंद करू का?

करा, पण काय दिसलं ते लिहा. पक्षी किती होते, किती अंतरावर, सूर्य कुठे होता, पंखाची किनार दिसली की नाही, चोचीचा रंग कसा होता, झाड कोणतं, माती कोणत्या रंगाची. ही माहिती तिथे उभं असतानाच लिहावी. हॉटेलवर येऊन पुस्तक उघडलं की डोळ्यांनी पाहिलेलं आणि चित्रात पाहिलेलं यांची सरमिसळ होते. माझी खोडलेली नोंद अशीच झाली होती. वहीत 'काळा, पिवळा, 7.10' एवढंच होतं, बाकीचं मी रात्री पुस्तक बघून भरलं होतं.

किनार दिसली नसेल तर 'सुगरण, जात निश्चित नाही' असं लिहायला संकोच वाटू नये.

एका पक्ष्यासाठी एवढा काटेकोरपणा कशाला?

कारण या पक्ष्याच्या बाबतीत नोंदीवर जमीन टिकते. सोकोके निदान सरकारी जंगल आहे. डकाचाच्या रानाला मात्र तसं संरक्षण नाही. तिथे लोक राहतात, शेती करतात, कोळशासाठी झाडं तोडली जातात, अननसाच्या लागवडीसाठी जमीन मोकळी होते. काही वर्षांपूर्वी तिथे 50,000 हेक्टरवर जट्रोफा लावून त्यापासून इंधन काढायचा प्रस्ताव आला होता. जट्रोफा म्हणजे आपला मोगली एरंड. त्या सुमारास आपल्याकडेही पडीक जमिनीवर मोगली एरंड लावा, डिझेल पिकवा अशी हाकाटी होती, ती अनेकांना आठवत असेल. डकाचात स्थानिक लोक आणि पक्षीसंस्था त्या प्रस्तावाच्या विरोधात उभ्या राहिल्या आणि तो बारगळला. 'या रानात जगात दुसरीकडे नसलेला पक्षी आहे' हे त्या वेळी सांगता आलं, कारण आधीच्या लोकांनी नोंदी नीट ठेवल्या होत्या.

आता समजा, आपण सगळ्यांनी काळ्या पाठीच्या सुगरणीला क्लार्कची म्हणून नोंदवलं. नकाशावर ठिपके वाढतील, पक्षी भरपूर आहे असा समज होईल, आणि उद्या कुणी रान मागायला आलं तर 'तो काय, सगळीकडे आहे' असं म्हणायला मोकळा. चुकीच्या नोंदीने या पक्ष्याचं खरोखर नुकसान होतं, म्हणून मला तिचा राग येतो.

चार दिवस फिरलो, दिसलाच नाही. आता?

तेही नोंदवा. कोणत्या वाटेने गेलात, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, म्रिहीच्या पट्ट्यात किती वेळ होता, मिश्र थवे किती भेटले आणि त्यात कोण कोण होतं. भटक्या पक्ष्याच्या बाबतीत 'या तारखेला इथे नव्हता' ही माहिती तो कधी कुठे सरकतो हे समजायला लागते, आणि ती फार थोडे लोक देतात. माझ्या दुसऱ्या खेपेच्या वहीत पहिल्या तीन सकाळी 'म्रिही पट्टा, 6.20 ते 9.40, थवे 2, किनार नाही' अशाच ओळी आहेत. चौथ्या सकाळी थव्यातला एक नर उन्हात वळला, आणि मी काही बोलायच्या आत वाटाड्यांनी हसून आपल्या दंडावरून बोट फिरवलं.